फोन लागला, पण योजनेत बसलो नाही

परवा कपाट आवरताना 2021 च्या एप्रिलमधली एक प्लास्टिकची पिशवी सापडली. मामांचं सिटीस्कॅन, रक्ताचे रिपोर्ट, मेडिकलची बिलं. तेव्हा बातम्या देण्याच्या धावपळीत ज्याच्यावर लिहायचं राहून गेलं, ते आज लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी थोडं मागे जाऊ. जुलै 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीच्या एका प्रकरणात डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. बाळंतिणीचा मृत्यू झाला होता, डॉक्टर जागेवर नव्हते आणि औषधं फोनवरून सांगितली गेली होती. त्या प्रकरणाच्या खोलात मी जात नाही. पण परिणाम असा झाला की आमच्या तालुक्यातले वर्षानुवर्षं ओळखीचे डॉक्टरही फोनवर "एकदा आणून दाखवा" एवढंच बोलायला लागले. घाबरले होते, आणि त्यात त्यांची चूकही नव्हती. इस्रोच्या उपग्रहावरून टेलिमेडिसिनचे प्रयोग 2001 पासून सुरू होते, पण साध्या फोनवर गोळी सांगावी की नाही याचा नियम देशात नव्हता.

तो नियम आला 25 मार्च 2020 ला. म्हणजे लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी! फोन, व्हिडिओ, व्हॉट्सॲप, काहीही चालेल. कोणती औषधं आवाजावर लिहायची, कोणती व्हिडिओवर पाहूनच आणि कोणती अजिबात नाही, याच्या याद्या दिल्या. 13 एप्रिलला केंद्राची ई-संजीवनी ओपीडी घरबसल्या आणि फुकट सुरू झाली. वीस वर्षं रेंगाळलेलं काम वीस दिवसांत.

दुसरं दार राज्याने उघडलं. महाराष्ट्र दिनी आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी घोषणा केली आणि 23 मे 2020 ला शासन निर्णय निघाला: महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सगळ्यांना. तोवर ती पिवळ्या आणि केशरी कार्डाची होती. पांढरं कार्ड चालायचं ते फक्त 14 जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचं. आता पांढरं कार्डवालाही आत आला. हा निर्णय मोठा होता, तेव्हा मी तसंच छापलं होतं आणि आजही तेच म्हणेन. त्याच आठवड्यात खासगी दवाखान्यांच्या 80 टक्के खाटांचे दरही ठरवले होते: साधा वॉर्ड दिवसाला 4000, आयसीयू 7500, व्हेंटिलेटरसह 9000. पीपीई किट आणि महागडी औषधं वेगळी.

मग अडलं कुठे? मामांचंच सांगतो. ताप आला, तिसऱ्या दिवशी शहरातल्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, ऑक्सिजन मोजायला सांगितला, सिटीस्कॅन लिहून दिला, गोळ्या लिहिल्या. सल्ला उत्तम होता. पण स्कॅनचे पैसे खिशातून, रक्त तपासणीचे खिशातून, गोळ्यांचे खिशातून. ऑक्सिजन 91 वर आला तेव्हा योजनेच्या यादीतल्या एका दवाखान्यात नेलं. आरोग्यमित्राने कार्ड पाहिलं, फाइल पाहिली आणि म्हणाला, "दादा, पेशंट योजनेत बसत नाही. सीरियस झाला तर बसंल." मामी तिथेच उभी होती. तिने मला विचारलं, "म्हणजे अजून बिघडायची वाट बघायची का रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. डिपॉझिट भरलं.

त्या पोरावर मी चिडलो होतो, ते चुकलंच. तो नियम त्याने केलेला नव्हता. त्या नियमाचं मूळ 1997 च्या जीवनदायी योजनेत आहे. हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोठ्या आजारांसाठी ती निघाली. 2012 ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी योजना आली, पुढे राज्यभर गेली, 2017 ला नाव बदललं. सरकारं बदलली, पण सांगाडा तोच राहिला: माणूस भरती होणार, ठरलेल्या यादीतला उपचार होणार, मग पॅकेजचे पैसे दवाखान्याला. घरी झोपलेला, फोनवर डॉक्टर असलेला तापाचा पेशंट या सांगाड्यात कुठेच नव्हता. महामारीत कार्डाचा रंग पुसला गेला, पॅकेजची यादी मात्र तशीच भिंतीवर. मे 2021 मध्ये काळ्या बुरशीचा उपचार त्यात घातला, म्हणजे मनात आणलं तर यादी बदलता येत होती.

गंमत बघा, जून 2020 मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना सांगितलं होतं की पॉलिसीत डॉक्टरची फी मिळत असेल तर फोनवरच्या सल्ल्याचीही द्या. म्हणजे हप्ता भरणाऱ्याच्या पॉलिसीत फोनची सोय बसवता आली. सरकारी योजनेत फोन आणि पॅकेज यांची गाठच पडली नाही.

2023 ला मंत्रिमंडळाने दीड लाखाचे पाच लाख केले. चांगलंच केलं. पण मामांची बिलं मी काल पुन्हा जोडून बघितली. भरती होण्याआधीची नऊ आहेत. आजच्या नियमाने त्यातलं एक तरी बसतं का, हे विचारायला उद्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जाणार आहे. पिशवी सोबत नेतोय.