चुंबकीय नॅनोकण आणि सांडपाणी गाळणारे पटल

संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा ही ओमानच्या आखातावर वसलेली अमिरात. समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांवर तिची भिस्त मोठी आहे. २००८-०९ मध्ये या किनाऱ्यावर सूक्ष्म शैवालांची लाल भरती आली, तेव्हा असे प्रकल्प काही काळ बंद ठेवावे लागले. वापरलेले पाणी पुन्हा वापरात आणण्याचा विचार येथे चैनीचा नाही, तो याचमुळे.

या कामी उपयोगी ठरणारे एक साधन म्हणजे नॅनोगाळणीचे पटल, अर्थात मेम्ब्रेन. त्याची छिद्रे साधारण एका नॅनोमीटरच्या आसपास असतात. सल्फेट, कॅल्शियम यांसारखे द्विसंयुजी आयन, रंगद्रव्ये आणि बरेच सेंद्रिय रेणू ते अडवते. मिठाचे सोडियम व क्लोराइड मात्र बऱ्याच प्रमाणात पलीकडे जाऊ देते. त्यामुळे व्यस्त परासरणापेक्षा, म्हणजे घरोघरी परिचित असलेल्या आर. ओ. पेक्षा, कमी दाब पुरतो. दाब कमी, म्हणून विजेचा खर्चही कमी.

अडचण असते ती पटल तुंबण्याची. पॉलिइथरसल्फोनसारखे बहुलक टिकाऊ असले तरी पाण्याशी फटकून वागते. तेलकट व सेंद्रिय घाण त्यावर चटकन बसते. तेलाच्या टाक्या आणि जहाजांना इंधन पुरवणारे बंदर असलेल्या फुजैरासारख्या ठिकाणी हा प्रश्न गौण मानता येणार नाही. उपाय म्हणून बहुलकाच्या द्रावणात मॅग्नेटाइट या लोह ऑक्साइडचे नॅनोकण मिसळले जातात. पृष्ठभाग जलस्नेही होतो आणि कणांवर धातूंचे आयनही चिकटतात. पटल ओततेवेळी बाहेरून चुंबकीय क्षेत्र दिल्यास कण पृष्ठभागाकडे ओढता येतात. चुंबकत्वाचा खरा उपयोग येथेच.

तथापि ‘कण घातले की काम झाले’ असे नाही. २०१२ मध्ये इराणच्या राझी विद्यापीठातील संशोधकांनी पॉलिअ‍ॅनिलिनचा लेप दिलेले मॅग्नेटाइट कण वापरून पाण्यातील तांबे काढण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. केवळ ०.१ टक्के कण असलेल्या पटलाने सर्वाधिक तांबे अडवले, पण त्याच पटलातून शुद्ध पाणी सर्वांत कमी वाहिले, कारण कणांनी पृष्ठभागाची छिद्रेच बुजवली होती. मात्रा वाढवल्यास कणांचे पुंजके होतात, हा आणखी एक दोष. शिवाय पटल आम्लाने धुताना मॅग्नेटाइट विरघळण्याची शक्यता असते, म्हणून कणांवरील लेप किती टिकतो हेही तपासावे लागते.

प्रयोगशाळेतील तळहाताएवढ्या तुकड्यावर हे सारे काही तासांत मोजता येते. प्रकल्पात तेच पटल वर्षानुवर्षे चालावे लागते.