नळातली हवा आणि मलिक अंबर

सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. सगळ्यांना लिफ्ट, रंगकाम, गणपती आठवतील. मला मात्र 'बी' विंगचे कोरडे नळ आठवतात.

त्या वर्षी गच्चीवरचे गंजलेले लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचे टाकले. मी तेव्हा खजिनदार. दुसऱ्या दिवशी सकाळी 'ए' विंगला धो धो पाणी आणि 'बी' विंगच्या एका लाईनीवर टिपूसही नाही. बरं, टाकी तर एकच! "मुद्दाम व्हॉल्व्ह बंद केला," असं एक म्हणाले. "खजिनदारानं पैसे वाचवले," असं दुसरे. दोन दिवस जिन्यात कुणी कुणाशी बोलेना. महानगरपालिकेचं पाणी चार-पाच दिवसांआड येणारं आपलं गाव; पाण्यावरून माणसं लवकर दुरावतात.

शेवटी एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी एकच विचारलं, "टाकी पूर्ण भरल्यावर थोडं तरी येतं का?" येत होतं, करंगळीएवढं. ते म्हणाले, "मग हवा अडकलीये साहेब." नवा पाइप डक्टच्या कठड्यावरून वळवताना त्याची दीड फूट उंच कमान झाली होती. कमानीत हवा कोंडली, आणि टाकीतल्या पाण्याचा जोर तिला ढकलायला अपुरा पडला. त्यांनी कठड्याला भोक पाडून पाइप सरळ उतरता घेतला आणि वर एक उभा हवेचा पाइप बसवला, तोंड टाकीच्याही वर. नळ आधी फुसफुसले, मग पाणी आलं.

मला तेव्हा आपल्या शहराचे जुने बंबे आठवले. मलिक अंबरने 1610 च्या सुमारास खडकी वसवली, आणि काही वर्षांतच नहर-ए-अंबरी बांधून उत्तरेकडच्या डोंगरांतलं पाणी गावात आणलं. जमिनीखालून नहर आणि खापराचे नळ, आणि वाटेत ठिकठिकाणी उभे चुनेगच्ची मनोरे. पाणी त्यांत वर चढायचं, कोंडलेली हवा निघून जायची, दाब आटोक्यात राहायचा. पुण्याच्या कात्रजच्या नळावरचे उच्छ्वास याच कामाचे. पाणचक्कीचं पाणीही डोंगरातून खापराच्या नळांनी येऊन उंचावरून हौदात पडतं, तेही याच शास्त्रावर.

खडकीचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. पाण्याची वाटही बदलली. 1976 मध्ये जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं. आज ते पाणी पंपाने चढवून नक्षत्रवाडीच्या टेकडीवर येतं. त्या मोठ्या जलवाहिन्यांनाही उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह लागतातच. चारशे वर्षांत नळ बदलले. हवेचा स्वभाव नाही.

मिस्त्रींनी मजुरी घेताना माझ्याकडून पावतीसुद्धा मागितली नाही. मी मात्र व्हाउचर केलं, आणि मीटिंगमध्ये दोन्ही विंगना गच्चीवर नेऊन ती कमान होती ती जागा दाखवली. ज्यांनी आरोप केला होता, त्यांनीच पुढे मला दिवाळीचा फराळ आणून दिला.

नव्या कमिटीला दोन गोष्टी सांगतो. प्लंबिंगचं काम झाल्यावर बिल चुकतं करण्याआधी गच्चीवर स्वतः जा, पाइप कुठे वर चढतो ते बघा. आणि पाणी आलं नाही, तर शेजाऱ्यावर संशय घेण्याआधी नळातल्या हवेवर घ्या.