मुका मार



ज्या आघाताने कातडी फाटत नाही, रक्त वाहत नाही, हाड मोडत नाही, त्याला आपण मराठीत ‘मुका मार’ म्हणतो. मार बसलेला असतो, पण तो बोलत नाही. जखम दाखवता येत नाही, म्हणून दुखणे पटवून देता येत नाही. हा मुका मार मेंदूला बसला तर काय होते आणि खेळाच्या मैदानांनी तो ऐकायला किती उशिरा सुरुवात केली, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. मराठीच्या अध्यापकाने खेळाच्या इतिहासावर का बोलावे, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर मला द्यावेच लागणार आहे.

राऊ हे इंदूर-महू मार्गावरचे गाव. येथे बसून क्रिकेटविषयी बोलायचे, तर आरंभ कर्नल सी. के. नायडूंपासूनच व्हायला हवा. तुकोजीराव होळकरांनी १९२३ मध्ये त्यांना इंदुरास आणले आणि पुढे होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात होळकरांची गाठ मुंबईशी पडली. नायडू तेव्हा ५६ वर्षांचे होते. कोल्हापूरचे दत्तू फडकर यांचा एक वेगवान चेंडू त्यांच्या तोंडावर आदळला आणि दोन दात तुटले. नायडूंनी खेळपट्टीवर पडलेले दात बाजूला सारले, उपचार नाकारले आणि खेळ पुढे सुरू केला, असे सांगतात. इंदूरच्या दोन पिढ्या या कथेवर वाढल्या. धैर्य म्हणजे काय, हे शिकवताना मीही ती वर्गात कितीतरी वेळा सांगितली आहे.

आता थोडे शरीराविषयी. आपला मेंदू मऊ असतो आणि कवटीच्या आत एका द्रवात जणू तरंगत असतो. डोक्याला अचानक हिसका बसला, विशेषतः ते गर्रकन वळले, की कवटी थांबते. पण आतला मेंदू आपल्या गतीने फिरत राहतो. त्याचे सूक्ष्म तंतू ताणले जातात आणि काही काळ मेंदूचे कामकाज विस्कळीत होते. यालाच वैद्यकात ‘कन्कशन’ म्हणतात. बहुधा शुद्ध जात नाही, साध्या तपासणीच्या चित्रातही काही दिसत नाही. भोवळ, मळमळ, डोकेदुखी, उजेड सहन न होणे, तेच ते पुन्हा विचारणे एवढीच काय ती त्याची भाषा. आणि तीही कधी कधी काही तासांनी उमटते. बहुतेक माणसे विश्रांतीने बरी होतात. पण पहिला हादरा ओसरण्यापूर्वी दुसरा बसला, तर धोका फार वाढतो. शिरस्त्राण कवटी वाचवते. आतल्या मेंदूचे फिरणे ते पूर्णपणे थांबवू शकत नाही. पुढचा सारा इतिहास या एका भेदाभोवती फिरतो.

क्रिकेटने आधी कवटीची काळजी केली आणि तेही मोठी किंमत मोजून. मार्च १९६२ मध्ये ब्रिजटाऊन येथे बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांना चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू लागला. कवटी फुटली, तातडीने शस्त्रक्रिया झाली, कित्येक दिवस ते बेशुद्ध होते. रक्त देणाऱ्यांत चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर होते. त्याचबरोबर वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेलही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुढे प्रथम श्रेणीचे क्रिकेटही खेळले, पण कसोटीत पुन्हा उतरू शकले नाहीत. भोपाळमध्ये जन्मलेल्या पतौडींवर वयाच्या एकविसाव्या वर्षी कर्णधारपद येऊन पडले. एवढे होऊनही फलंदाजांनी शिरस्त्राण घातले नाही. १९७६ मध्ये किंग्स्टन येथे बडोद्याचे अंशुमन गायकवाड ८१ धावांवर असताना मायकेल होल्डिंग यांचा चेंडू कानावर बसला आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. डोक्यावर तेव्हाही काही नव्हते.

कसोटी सामन्यात शिरस्त्राण प्रथम दिसले ते मार्च १९७८ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम यॅलप यांच्या डोक्यावर. मैदान तेच, ब्रिजटाऊनचे. कॉन्ट्रॅक्टर पडल्यानंतर सोळा वर्षे गेली होती. प्रेक्षकांनी त्या वेळी यॅलप यांची टर उडवली! जानेवारी १९८१ मध्ये सिडनीत संदीप पाटील ६५ धावांवर खेळत होते. लेन पॅस्को यांचा चेंडू त्यांच्या कानापाशी बसला आणि ते कोसळले. त्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात ते पुन्हा फलंदाजीला आले, आणि पुढच्या ॲडलेडच्या कसोटीत त्यांनी १७४ धावा काढल्या. ती खेळी आपण सर्वांनी मनापासून गौरवली. एकाच सामन्यात त्यांना पुन्हा मैदानात पाठवावे काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. हेच पाटील पुढे मध्य प्रदेशाकडून रणजी खेळले, हे येथील ज्येष्ठांना आठवत असेल. सुनील गावसकरांनीही १९८३ मध्ये मार्शल यांचा चेंडू डोक्याला लागल्यानंतरच टोपीखाली फायबरग्लासचे कवच घेतले.

कवच आले, पण मुक्या माराला वाचा फुटली नव्हती. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यातील एका क्लब सामन्यात रमण लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ, शिरस्त्राणाविना उभे होते. फटकावलेला चेंडू त्यांच्या कपाळाजवळ आदळला. ते उठले, स्वतःच्या पायांनी तंबूत चालत गेले. मागाहून प्रकृती ढासळली आणि तीन दिवसांनी ते गेले. त्यांचा मृत्यू मेंदूतील रक्तस्रावाने झाला. तो साधा हादरा नव्हता. तरीही धडा एकच. चालत गेला म्हणजे माणूस बरा आहे, हे अनुमान प्राणघातक ठरू शकते.

याच काळात अमेरिकेत या प्रश्नावर मोठा संघर्ष उभा राहत होता. तेथील फुटबॉल म्हणजे पायाने चेंडू खेळण्याचा आपला फुटबॉल नव्हे. तो धडका देत पुढे सरकण्याचा खेळ आहे. १९०५ मध्ये मैदानावरील मृत्यूंमुळे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले आणि पुढील वर्षी नियम बदलले. व्यावसायिक संघटनेने १९४३ मध्ये शिरस्त्राण सक्तीचे केले. कवट्या वाचू लागल्या. पण डोके सुरक्षित आहे या भरवशावर खेळाडू डोक्यानेच धडक देऊ लागले. संरक्षणाचे साधन आक्रमणाचे साधन झाले! संघटनेने १९९४ मध्ये मेंदूच्या दुखापतींसाठी समिती नेमली, मात्र ती समिती बरीच वर्षे धोका किरकोळ असल्याचेच सांगत राहिली. २००२ मध्ये माईक वेब्स्टर हा नामवंत खेळाडू पन्नाशीतच वारला. त्याआधी काही वर्षे त्याची स्मृती आणि संसार दोन्ही उद्ध्वस्त झाले होते. बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टराने त्याचा मेंदू तपासला आणि वारंवार बसलेल्या हादऱ्यांशी निगडित अशा ऱ्हासाच्या खुणा २००५ मध्ये प्रसिद्ध केल्या. समितीच्या डॉक्टरांनी तो लेख मागे घेण्याची मागणी केली. ओमालू मागे हटले नाहीत.

नंतर मात्र चक्रे फिरली. २००९ मध्ये नियम झाला, की हादऱ्याची ठळक लक्षणे दिसलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही. २०१३ पासून मैदानाच्या कडेला संघाशी संबंध नसलेले मेंदूतज्ज्ञ उभे राहू लागले. डोके खाली घालून धडक देणे २०१८ मध्ये दंडनीय झाले, आणि जिथे खेळाडू दुरून धावत येऊन आदळत, तो आरंभीचा फटका २०२४ मध्ये नव्या पद्धतीने बांधला गेला. माजी खेळाडूंच्या दाव्यांपोटी संघटनेला कोट्यवधी डॉलर मोजावे लागले. प्रश्न अजून सुटलेला नाही, पण निर्णय खेळाडूच्या जिद्दीवर सोडायचा नाही, हे तत्त्व मान्य झाले.

क्रिकेटलाही ते मान्य करावे लागले. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीत फिल ह्यूज शिरस्त्राण घालूनही दगावला. चेंडू शिरस्त्राणाखाली, मानेवर लागला होता. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी तसाच दुसरा खेळाडू घेता येऊ लागला. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथला आर्चरचा चेंडू मानेवर बसला. तपासणी झाली, तो पुन्हा खेळला, ९२ धावांवर बाद झाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षणे दिसू लागली. मुका मार रात्र उलटल्यावर बोलला. या वेळी मात्र ऐकणारे कोणी होते. स्मिथच्या जागी लाबुशेन खेळला. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरात रवींद्र जडेजाच्या जागी चहल आला आणि त्याने तीन बळी घेतले, तेव्हा नियमाचा लाभ उठवल्याची कुजबुज झाली. अशी शंका येणे समजू शकते. पण जडेजाही चेंडू लागल्यावर खेळतच राहिला होता, हे आपण विसरू नये.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. मी अध्यापक असताना एका सामन्यात झेल घेण्याच्या नादात दोन मुलांची डोकी आपटली. त्यातला एक खाली बसला आणि ‘स्कोअर किती झाला?’ असे त्याने तीनदा विचारले. आम्ही हसलो. मीच त्याला नायडूंची गोष्ट सांगितली आणि तो परत मैदानात गेला. पुढे पंधरा दिवस तो वर्गात डोके धरून बसे, खिडकीकडे पाठ करी. मी त्याला आळशी समजलो. सुदैवाने तो बरा झाला. तो प्रश्न तीनदा विचारणे म्हणजेच मुक्या माराचे बोलणे होते, हे मला फार वर्षांनी कळले. शब्दांचा अर्थ लावणे हा ज्याचा व्यवसाय, त्यालाच ते शब्द कळले नाहीत.

नायडूंचे धैर्य खोटे नव्हते. त्यांच्या काळाला जे ठाऊक होते, त्यात ते थोरच होते. चूक झाली ती त्यांचे धैर्य कोवळ्या मुलांसाठी मापदंड करणाऱ्या आमच्यासारख्यांची. ही कथा यापुढेही जरूर सांगावी; मात्र तिच्याबरोबर कॉन्ट्रॅक्टर, लांबा आणि स्मिथ यांचीही सांगावी. डोक्याला मार लागलेला मुलगा किंवा मुलगी त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मैदानात परतणार नाही, आणि ‘मला भोवळ येते’ म्हणणाऱ्याला कोणी भित्रा म्हणणार नाही, एवढे तीन नियम शाळेच्या मैदानालगतच्या फळ्यावर लिहायला खर्च काहीच येत नाही. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत, त्यांना याहून उचित आदरांजली मला सुचत नाही.