वादकाची मनःस्थिती आणि वादन

मैफल संपल्यावर रसिकांमध्ये नेहमी ऐकू येणारे एक वाक्य म्हणजे 'आज बुवांचा मूड लागला नव्हता'. राग तोच, कलावंत तोच, साथीदारही तेच. तरीही एके दिवशी मैफल रंगते आणि दुसऱ्या दिवशी रंगत नाही. याचे श्रेय किंवा दोष 'मूड'ला देऊन श्रोता मोकळा होतो. परंतु मनातली अवस्था तारेपर्यंत, कातड्यापर्यंत किंवा फुंकीपर्यंत नेमकी कोणत्या वाटेने पोहोचते, याचा विचार संगीतशास्त्रात आणि मानसशास्त्रात बराच झालेला आहे.

कलावंताला स्वतःला भावना जाणवली पाहिजे का, हा वाद जुना आहे. जर्मन संगीतकार कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यांनी १७५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, वादक स्वतः हेलावल्याखेरीज श्रोत्यांना हेलावू शकत नाही, असे मत मांडले. भारतीय रससिद्धान्ताची भूमिका याहून वेगळी आहे. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी मांडलेल्या साधारणीकरणाच्या विचारानुसार वैयक्तिक दुःख म्हणजे करुण रस नव्हे. भाव व्यक्तीच्या चौकटीतून सुटतो, तेव्हाच त्याचा रस म्हणून आस्वाद घेता येतो. किशोरी आमोणकर यांनी 'स्वरार्थरमणी' या ग्रंथात रागाचा रसाच्या अंगाने विचार केला. मैफलीपूर्वीच्या शांततेबद्दलचा त्यांचा आग्रहही सर्वश्रुत होता. रागाच्या भावाला जागा मिळण्यासाठी दिवसभराचा कोलाहल आधी बाजूला सारणे आवश्यक आहे, अशी ही दृष्टी आहे.

भावना सुरात कशी उतरते?

स्वीडनमधील उपसाला विद्यापीठातील आल्फ गॅब्रिएल्सन आणि पॅट्रिक युस्लिन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नऊ व्यावसायिक कलावंतांना त्याच त्या धुना निरनिराळ्या भावनांनी सादर करण्यास सांगण्यात आले. श्रोत्यांना अभिप्रेत भावना बहुतांशी ओळखता आल्या. ध्वनिमुद्रणांच्या मापनातून या भावनांच्या खुणाही स्पष्ट झाल्या. दुःखाच्या सादरीकरणात लय संथ, आवाज हलका आणि स्वर एकमेकांत मिसळलेले होते. आनंदात लय जलद आणि स्वर सुटे. रागात आवाज मोठा आणि आघात तीव्र. भीती दाखवताना लय आणि आवाज यांत अनियमितपणा दिसला.

या खुणा एका संस्कृतीपुरत्या मर्यादित नाहीत. १९९९ मध्ये बाल्कविल आणि थॉम्पसन या संशोधकांनी हिंदुस्थानी रागांची ध्वनिमुद्रणे पाश्चात्त्य श्रोत्यांना ऐकवली. रागसंगीताशी परिचय नसतानाही आनंद, दुःख आणि क्रोध हे भाव त्यांना ओळखता आले.

अर्थात, कुशल कलावंत प्रत्यक्ष दुःखी नसतानाही दुःख वाजवू शकतो. अडचण येते ती मनःस्थिती थेट शरीराचा ताबा घेते तेव्हा. मग खुणा उमटतात, पण त्या वादकाने निवडलेल्या नसतात.

शरीराची वाट

भीती किंवा तणाव वाढला की अॅड्रिनॅलिन स्रवते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, तोंडाला कोरड पडते, बोटे थंड होतात आणि त्यांना सूक्ष्म कंप सुटतो. प्रत्येक वाद्य यातील वेगळी गोष्ट उघडी पाडते. सतारीवर मींड घेताना तार पडद्यावर आडवी ओढावी लागते. ओढ किंचित कमी-जास्त झाली तरी सूर हलतो. सरोदला पडदेच नसल्याने घामेजलेल्या बोटाला आधार उरत नाही. सारंगी आणि व्हायोलिनवर गज संथ ओढताना हाताचा कंप लगेच ऐकू येतो. बासरीच्या मंद्र स्वरांना सावकाश, स्थिर फुंक लागते; ती जोरात गेली की सूर वरच्या सप्तकात उडी घेतो. तबलजीच्या बाबतीत घाई लयीत दिसते. विलंबित एकतालाचे एक आवर्तन मिनिटभर चालू शकते. तेवढ्या अवकाशात लय नकळत पुढे सरकली, तरी गायकाची मांडणी विस्कटते.

या भीतीला मराठीत 'सभाकंप' असा नेमका शब्द आहे, आणि थोर कलावंतही तिच्यातून सुटलेले नाहीत. चेलोवादक पाब्लो कासाल्स यांना आयुष्यभर तिचा त्रास झाला. १९०१ मध्ये अमेरिकेत डोंगरावर फिरताना दगड पडून त्यांचा डावा हात जखमी झाला, तेव्हा 'आता पुन्हा वाजवावे लागणार नाही' अशा सुटकेचा विचार प्रथम मनात आला, हे त्यांनीच पुढे सांगितले. पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ १९५३ पासून १९६५ पर्यंत जाहीर मैफलींपासून दूर होते.

आलापाचा अवकाश

हिंदुस्थानी संगीताच्या रचनेत मनःस्थितीशी जुळवून घेण्याची सोय आहे. तंबोरे मिळवण्यातच मन बाहेरच्या गोष्टींवरून स्वराकडे वळते. वाद्यसंगीतातला आलाप तालाशिवाय, षड्जाच्या आसपास आणि मंद्र सप्तकात सुरू होतो. श्वास आणि हात स्थिरावण्यास त्यात वेळ मिळतो. शिवाय प्रहराची मर्यादा सांभाळून कोणता राग घ्यायचा, लय किती ठेवायची, विस्तार कुठवर न्यायचा, हे कलावंत ऐनवेळी ठरवू शकतो. उदास दिवशी खेळकर रागाचा हट्ट धरण्याचे त्याच्यावर बंधन नसते. वाद्यवृंदातील वादकाला अशी मुभा नसते. समोरच्या स्वरलेखनातील रचना ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या लयीत त्याला वाजवावीच लागते.

परंतु हा अवकाश आज प्रत्येकाला मिळत नाही. संगीत परीक्षा, महाविद्यालयीन स्पर्धा आणि दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम यांत काही मिनिटांत सर्व दाखवायचे असते. विसाव्या शतकाच्या आरंभी तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत, आणि अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या कलावंतांनी तेवढ्यातही रागाचे रूप उभे केले. मात्र त्यामागे दीर्घ तयारी होती. नवशिक्या विद्यार्थ्याचा हात परीक्षकांसमोर कापतो, तेव्हा तो स्वतःच्या गुणवत्तेवरच शंका घेतो. शरीराच्या एका स्वाभाविक प्रतिक्रियेला प्रतिभेचा अभाव समजून संगीत सोडून देणे, ही या प्रश्नाची सर्वांत मोठी किंमत आहे.

गोळी की सवय?

हृदयाचे ठोके आणि कंप कमी करणारी 'बीटा ब्लॉकर' गटातील औषधे पाश्चात्त्य वादकांमध्ये प्रचलित आहेत. अमेरिकेतील वाद्यवृंदांमधील दोन हजारांहून अधिक वादकांच्या, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २७ टक्के वादकांनी ती घेतल्याचे सांगितले. त्यांतील अनेकांनी डॉक्टरांचा सल्ला घेतलेला नव्हता. दमा असलेल्यांना ही औषधे धोकादायक ठरू शकतात, त्यामुळे ती परस्पर घेणे योग्य नाही.

औषधाविना उपायही आहेत. श्वास सावकाश सोडण्याचा सराव, घरातल्या चार माणसांसमोर, मग शेजाऱ्यांसमोर, मग छोट्या बैठकीत अशा वाढत्या पायऱ्यांनी वादन, आणि चूक झाल्यावर न थांबता पुढे जाण्याची सवय यांचा उपयोग होतो. हार्वर्ड विद्यापीठातील अॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ मधील प्रयोगात, गाण्यापूर्वी 'मी उत्साहात आहे' असे स्वतःला सांगणाऱ्यांचे गायन 'मी घाबरलो आहे' असे म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक अचूक ठरले. धडधड तीच असते; तिला दिलेले नाव बदलते.

गुरूंच्या समोर रोज बसून केलेल्या रियाजाचा येथे दुहेरी लाभ होतो. बोटांना वळण लागते आणि कोणीतरी ऐकत आहे, या जाणिवेचीही सवय होते. मन ठिकाणावर नसलेल्या दिवशी नेमक्या या दोन गोष्टी वादकाच्या मदतीला येतात. म्हणून तान किंवा झाला शिकवताना, बैठकीत हात कापला तर काय करायचे, हेही शिष्याला सांगितले गेले पाहिजे.