भीमेचा काठ: स्तंभावरची नावं आणि पुलाखालचे निनावी हात

जुन्या पुलाचे खांब उरले की तिथे बाग करावी, बाकडी टाकावीत, लोकांनी फोटो काढावेत, ही कल्पना आता सगळीकडे आवडते. बागेला आमचा विरोध नाही. पण तिथे फलक लागला, तर त्यावर नावं कुणाची येणार?

हा प्रश्न घेऊन आम्ही शिरूरहून कोरेगाव भीमा आणि पुढे दौंड असा नदीकाठ पाहत गेलो.

शिरूर ही कंपनीची छावणी. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली. सुमारे पाचशे पायदळ, अडीचशेच्या आसपास घोडेस्वार, दोन तोफा. सकाळी दहाच्या सुमारास ती भीमेच्या काठी पोचली. आपण भाषणात '५०० विरुद्ध २८ हजार' म्हणतो. तुकडी आठशेच्या घरात होती आणि पेशव्यांचं सगळं सैन्य गावातल्या लढाईत उतरलं नव्हतं. हे सांगितल्याने शौर्य तसूभर कमी होत नाही. उलट, आकड्यावरून आपल्याला खोटं पाडायची सोय राहत नाही.

आम्ही थांबलो ते पाण्यापाशी. स्टाँटनने नदीच्या उताराकडे जातोय असं भासवलं आणि कोरेगावात मोर्चा धरला. भीमा हाकेच्या अंतरावर, पण पाण्याची वाट पेशव्यांच्या माऱ्यात. दिवसभर लढून घशाला कोरड पडलेल्या शिपायांना पाणी मिळालं ते अंधार पडल्यावर, मारा मंदावल्यावर. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला इथे आले आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले. मधे तीन महिनेसुद्धा पुरे नाहीत!

स्तंभ आहे पलीकडच्या तीरावर, पेरणे गावच्या हद्दीत. तो कंपनीने स्वतःच्या विजयासाठी उभारला, हे मान्यच. पण त्यावरच्या ४९ मृत सैनिकांच्या नावांपैकी २२ 'नाक'ने संपतात. पुढे त्याच इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला देत थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. दगडावर नाव असलं की ते असं कामाला येतं.

दौंडला मात्र दगड मुका आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ चा, स्टेशन सोडताच भीमा ओलांडणारा. १८७६-७८ च्या दुष्काळात या मार्गाच्या मातीकामावर दुष्काळी मजूर लावले होते. कोण गेलं असेल त्या कामावर? ज्याच्या घरात धान्याची कणगी नव्हती तो. त्यांची नावं कुठल्याच खांबावर नाहीत.

तुमच्या गावाजवळ जुना पूल, बंधारा असेल तर वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे बसा. दगड कुणी वाहिले, मजुरी काय मिळायची, पाणी कुठलं प्यायचे, हे नावानिशी लिहून घ्या. सुशोभीकरणाचा ठराव येईल त्या ग्रामसभेत तो कागद घेऊन जा.