पाचशेबारा बाइटांचे कुळ

कॉम्प्युटरला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणजे आमच्या जालन्यात अजूनही बहुतेक ठिकाणी पेन ड्राइव्ह घेऊन एकेका मशीनपुढे जाऊन बसणे. २००१ मध्ये एमएस-सीआयटी आले आणि भोकरदन-परतूरपर्यंत लॅब निघाल्या, तेव्हा हेच काम सीडीवर चाले. नेटवर्कवरून सगळ्या लॅबवर एकदम लिनक्स टाकायचे म्हणून मी एका कॉलेजात जुन्या मशीनवर डीएनएसमास्क हा पत्ते वाटणारा आणि फाइल पुरवणारा प्रोग्राम लावला. नवी मशीन लगेच उठली, जुनी मध्येच अडकून बसली. डीएनएसमास्कमध्ये अशा हटवाद्यांसाठी एक ओळ आहे: तुकड्याच्या आकारावर घासाघीस करू नकोस, ठरलेला आकारच दे. ती घातली आणि जुनीही निमूट उठली. तारेवरून काय चालले आहे ते पाहिले, तर फाइल ५१२ बाइटांच्या तुकड्यांनी जात होती. एक तुकडा, एक पोच. पुढचा तुकडा, पुन्हा पोच. पण ५१२च का?

सांगाडा थोडक्यात असा. रिकामे मशीन उठते आणि आपला पत्ता विचारत सगळ्या नेटवर्कभर हाक मारते. डीएचसीपी त्याला पत्ता देते, शिवाय कुठल्या सर्व्हरवरची कोणती फाइल घ्यायची तेही सांगते. ती छोटी फाइल टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या नियमावलीने येते, ती कर्नल ओढते, कर्नल इन्स्टॉलर चालू करतो, आणि पार्टिशनपासून पासवर्डपर्यंतची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली असतात. जालन्यासारख्या बियाण्याच्या गावात हे समजवायला वेळ लागत नाही: पैदासकार बियाण्यातून पायाभूत, त्यातून प्रमाणित, तसेच हे मूठभरातून शिवारभर. वंशावळ सगळ्यांना पाठ आहे: १९८४ चे आरएआरपी, १९८५ चे बूटपी, १९९३ चे डीएचसीपी, १९९९ मध्ये इंटेलचे पीएक्सई. त्यावर मी वेळ घालवत नाही.

टीएफटीपीचे एमआयटीतले पहिले टिपण जानेवारी १९८० चे. नंतरचा कॅरेन सॉलिन्स यांचा आरएफसी ७८३ हा नियमांचा कागद जून १९८१ चा, म्हणजे जालना जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला त्यानंतर महिन्याभराने. (योगायोग आहे, पण मला आवडतो.) त्यात तुकडा ५१२ बाइटांचा असे नुसते सांगून टाकले आहे, कारण दिलेले नाही. तुकडा ५१२ पेक्षा लहान आला की फाइल संपली, एवढाच नियम.

जाणकारांना विचारा, उत्तर ठरलेले: इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राने ५७६ बाइटांचे पाकीट स्वीकारलेच पाहिजे असा दंडक आहे, त्यात मावावे म्हणून ५१२. ऐकायला पटते. पण तो दंडक जिथे लिहिला आहे तिथेच त्याचे कारणही आहे: ५१२ बाइटांचा मजकूर आणि ६४ बाइटांचे शीर्षक मावावे, म्हणून ५७६. म्हणजे ५१२ आधी डोक्यात होते, ५७६ नंतर जन्मले. नातवाला आजोबा म्हणून उभे केले आहे!

दुसरा पक्ष म्हणतो, दोनाचा नववा घात, सोयीचा आकडा, संपले. मग २५६ का नाही, १०२४ का नाही? वॉर्ड क्रिस्टेन्सेन यांच्या १९७७ च्या एक्समोडेमचा तुकडा १२८ बाइटांचा होता, कारण त्या वेळच्या आठ इंची फ्लॉपीचे सेक्टर १२८ बाइटांचे. फाइल पाठवण्याचे नियम करणारी माणसे समोरच्या डिस्ककडे बघूनच आकडा ठरवतात, असा माझा दावा आहे.

तर मग डिस्क कोणती? झेरॉक्सच्या पार्क या प्रयोगशाळेतल्या १९७३ च्या आल्टो संगणकामध्ये डायब्लो कंपनीची काढता येणारी डिस्क होती. तिचे एक पान सोळा बिटांच्या २५६ शब्दांचे, म्हणजे बरोबर ५१२ बाइट. २०३ सिलिंडर, दोन बाजू, बारा सेक्टर: गुणाकार करा, अडीच मेगाबाइट भरतात. आणि हा आल्टो नेटवर्कवरून उठत असे! बॅकस्पेस दाबून धरायचे, बूटचे बटण दाबायचे. नेटवर्कवर ठरावीक अंतराने ‘ब्रेथ ऑफ लाइफ’ नावाचे पॅकेट फिरत असे, ते झेलून यंत्र जागे होई. झेरॉक्सच्या पप या नियमावलीत पॅकेटमधला मजकूर जास्तीत जास्त ५३२ बाइटांचा: डिस्कचे एक पान आणि वर वीस बाइटांची सैल जागा.

पपमधला फाइल पाठवण्याचा साधा प्रकार म्हणजे ईएफटीपी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी झेरॉक्सने एमआयटीला आल्टो दिले, आणि टीएफटीपीच्या कागदातच कबुली आहे की चूक कळवण्याची रीत पार्कच्या ईएफटीपीवरून सुचली. ज्याच्याकडून चूक सांगायला शिकलो, त्याच्याकडून तुकडा मोजायलाही शिकलो असणार. विरोधात एक गोष्ट मान्य करतो: ईएफटीपी फाइल संपल्याचे वेगळे पॅकेट पाठवी, टीएफटीपीने तो खर्च वाचवून आखूड तुकड्यावर काम भागवले.

आता कोणी म्हणेल, आल्टो कशाला, पीडीपी-११ आणि युनिक्सचा ब्लॉकही ५१२ चाच होता. होता ना! पण डेक कंपनीने आपल्या पीडीपी-११ ला जोडलेली आरके०३ ही डिस्क मुळात डायब्लोचीच, आणि पुढच्या आरके०५ नेही तेच बारा सेक्टर, तेच २५६ शब्द ठेवले. म्हणजे पार्ककडून या किंवा युनिक्सकडून, वाट त्याच डिस्कपाशी निघते. प्रतिपक्षाने माझाच साक्षीदार आणून उभा केला.

या वारशाची किंमतही आहे. तुकड्यांचे क्रमांक सोळा बिटांत मोजायचे, त्यामुळे ५१२ च्या हिशेबाने फाइल ३२ मेगाबाइटपाशी अडते. म्हणून मी टीएफटीपीवर फक्त पहिला लोडर ठेवतो, बाकी सगळे एचटीटीपीने. यूईएफआय या फर्मवेअरच्या नियमावलीच्या २०१५ च्या आवृत्तीने पहिली फाइलही एचटीटीपीने आणायची सोय केली, त्यामुळे नव्या मशीनना टीएफटीपीची गरजच नाही. ज्यांच्या नेटवर्क कार्डाच्या रॉममध्ये जुने पीएक्सई कोरलेले आहे, ती मशीन मात्र भंगारात जाईपर्यंत टीएफटीपीच मागणार. आमच्या लॅबमधली तिसरी रांग अशीच आहे आणि नव्या खरेदीचा प्रस्ताव अजून मंजूर व्हायचा आहे.