रोबो म्हणजे वेठबिगार : चापेकच्या नाटकातील साधी माणसे

'रोबो' म्हटले की डोळ्यांसमोर दिवे लुकलुकणारा लोखंडी यंत्रमानव येतो. पण हा शब्द शेतातून आला आहे. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदारासाठी कुळांनी सक्तीने करायचे फुकट काम. आपल्याकडे त्याला वेठ म्हणतात. त्यांच्याकडे ती १८४८ साली कायद्याने संपली. आपला वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. कारेल चापेक १९२० साली नाटक लिहीत असताना कृत्रिम कामगारांना 'लाबोरी' म्हणावे असे त्याच्या मनात होते. 'रोबो' हा शब्द त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने सुचवला. जानेवारी १९२१ मध्ये 'आर.यू.आर.' प्राग शहरात रंगमंचावर आले.

यातले रोबो लोखंडाचे नाहीत. कारखान्यात बनलेली, पण हुबेहूब माणसासारखी दिसणारी ती शरीरे आहेत. मानवता संघाची हेलेना ग्लोरी त्यांना हक्क मिळवून द्यायला येते आणि टायपिस्ट सुलाला माणूसच समजते. तिची खात्री पटावी म्हणून व्यवस्थापक डोमिन सुलाला चिरून दाखवायला निघतो. ना आवाज चढतो, ना शिवी येते. पाहुणीचा अगदी आदरसत्कार चालू असतो. पुढे हीच हेलेना कारखान्याच्या साहेबांना रोबो समजून त्यांच्या मुक्तीबद्दल बोलू लागते.

रोबोंना दुखत नाही. त्यामुळे ते यंत्रात हात घालतात, बोटे मोडून घेतात, आणि नुकसान कंपनीचे होते. म्हणून डॉ. गाल त्यांच्यात वेदना जाणवणारे मज्जातंतू बसवतो. त्याने ते जास्त सुखी होतील का, असे हेलेना विचारते. सुखी नाही, पण तांत्रिकदृष्ट्या जास्त चांगले होतील, असे उत्तर मिळते. आम्ही हा प्रसंग अभ्यासवर्गात वाचला तेव्हा एका कार्यकर्तीने विचारले, "आपल्या सफाई कामगारांना हातमोजे मिळतात ते त्यांना जखम होऊ नये म्हणून, की काम अडू नये म्हणून?" पुढचा तासभर नाटक बाजूलाच राहिले.

नाटकात खलनायक कोणी नाही. डोमिनला गरिबी आणि कष्ट खरोखरच संपवायचे आहेत. हिशेब पाहणारा बुसमन सांगतो की मागणी आली म्हणून माल गेला. इतिहास थोर स्वप्नांनी घडत नाही, सामान्य माणसांच्या छोट्या गरजांनी घडतो. रोजगार गेलेले कामगार रोबो फोडतात, तेव्हा त्यांच्याविरुद्ध रोबोंच्याच हाती शस्त्रे दिली जातात. मग सरकारे त्यांचे सैनिक करतात. प्रत्येकाजवळ आपल्यापुरते कारण आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले होते की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. चापेकचा कारखाना हीच विभागणी शरीर घडवतानाच करून टाकतो. म्हणून आम्हाला हे नाटक भविष्याचे वाटत नाही.

शेवटी बंड होते आणि रोबो माणसांना मारतात. वाचतो एकटा आल्क्विस्ट, कारण तो त्यांच्यासारखाच हाताने काम करतो. रोबो बनवण्याची कृती हेलेनाने जाळून टाकलेली असते आणि ती पुन्हा शोधायला आल्क्विस्टला जिवंत रोबो चिरावा लागणार असतो. तो एका रोबो तरुणीला निवडतो. तिचा सोबती प्रायमस म्हणतो, तिच्याऐवजी मला घ्या. बरे, मग तूच चल, असे म्हटल्यावर ती तरुणी आडवी येते. आल्क्विस्ट दोघांनाही जाऊ देतो.